मोजमाप : चुकलेली खूण की खरी माणसं?

गेल्या अंकात मी गॅरी गेट्स या अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसं किती आहेत, कुठे राहतात, कमावतात किती, त्यांच्या घरात मुलं आहेत का, हे मोजण्यात या माणसाने उमेदीची वर्षं घातली, एवढंच लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागाची आहेत, काही नुसती चौकस, आणि एक मी टेबलाच्या खणात वेगळं ठेवलं आहे. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून पाच निवडली. नावं कोणाचीच छापत नाही. या विषयात ती सवय बरी.

पत्र पहिलं : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तुमचा मजकूर वाचल्यापासून असंच काम करावंसं वाटतंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "हे काय काम झालं? दिवसभर करतात तरी काय?" ताई, खरं सांगू का, मलाही सांगता आलं नाही.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ऐकून ते खूश होतील असं नाही. दिवसभर चुका शोधतात.

लोकांना वाटतं, या कामात कोणीतरी दारोदार जाऊन "तुम्ही समलिंगी आहात का हो?" असं विचारत असेल. तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा दुसऱ्याने दुसऱ्याच कारणासाठी गोळा केलेली माहिती समोर असते. कधी जनगणना, कधी आरोग्याची पाहणी, कधी रोजगाराची. आपली माणसं तिच्यात कुठल्या रकान्यात बसली आहेत ते हुडकायचं असतं.

अमेरिकेत ती वाट १९९० साली सापडली. जनगणनेच्या फॉर्मवर घरातल्या प्रत्येकाचं घरातल्या पहिल्या माणसाशी नातं लिहायचं असतं. त्या वर्षी नात्यांच्या यादीत 'अविवाहित जोडीदार' हा पर्याय आला. लिंगाचा रकाना तर आधीपासून होताच. दोघंही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया, आणि नातं 'अविवाहित जोडीदार'. झालं! जो प्रश्न फॉर्मवर छापलेलाच नव्हता, त्याचं उत्तर दोन रकाने जोडून वाचल्यावर मिळालं. १९९० मध्ये अशी साधारण १,४५,००० घरं निघाली, २००० मध्ये ५,९४,०००. गेट्स यांची कारकीर्द या दोन रकान्यांवर उभी राहिली. २००० च्या जनगणनेत देशातल्या ९९.३ टक्के काउंट्यांमध्ये (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) अशी जोडपी सापडली, आणि 'आमच्याकडे तसलं कोणी नाही' असं म्हणायला फार थोडे प्रदेश उरले. २००४ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर या सगळ्याचे नकाशेच प्रसिद्ध केले.

आता बाबांना वाचून दाखव असा भाग.

२०१० च्या जनगणनेत पहिल्या मोजणीला समलिंगी जोडप्यांची घरं आली ९,०१,९९७. त्यातल्या ३,४९,३७७ घरांनी नात्यात 'नवरा किंवा बायको' यावर खूण केली होती. तेव्हा असं लग्न अमेरिकेतल्या मोजक्याच राज्यांत लागू शकत होतं. मग साडेतीन लाख लग्नं लागली कुठे? असा आकडा समोर आला की माझ्यासारखीला जेवण जात नाही.

घोळ निघाला कागदात. टपालाने पाठवलेल्या फॉर्मवर प्रत्येक माणसाची माहिती वेगळ्या चौकटीत भरायची होती. पण ज्या घरांनी फॉर्म परत पाठवला नाही, तिथे कर्मचारी स्वतः गेले आणि त्यांच्या हातातला कागद निराळा होता. नावं एकाखाली एक, उत्तरांचे रकाने आडवे, सगळं दाटीवाटीने. दारात उभं राहून, घाईत, मांडीवर किंवा भिंतीवर कागद धरून खूण करताना 'पुरुष'ची खूण शेजारच्या 'स्त्री'वर पडते. असं किती वेळा होतं? हजारात चार वेळासुद्धा नाही. एवढी चूक परीक्षेत आपण कोणालाही माफ करू. पण स्त्री-पुरुष नवरा-बायकोची घरं होती साडेपाच कोटींच्या वर. त्यांतल्या हजारी चार जरी चुकल्या, तरी सव्वादोन लाख घरं होतात, आणि ती सगळीच्या सगळी 'समलिंगी विवाहित' या छोट्याशा रकान्यात जाऊन पडतात. मोठ्या ढिगातली चिमूटभर चूक छोट्या ढिगात परातभर होते ती अशी. उलट दिशेने चुकलेली घरं मात्र मोठ्या ढिगात गडप होतात. त्यांनी काहीच बिघडत नाही, म्हणून कोणाला दिसतही नाहीत.

जनगणना खात्याने मग नावं तपासली. प्रत्येक राज्यात कुठलं नाव किती टक्के पुरुषांचं आणि किती टक्के स्त्रियांचं असतं, याचं कोष्टक तयार केलं. एखाद्या 'थॉमस'पुढे 'स्त्री' अशी खूण असेल आणि ते नाव ९५ टक्क्यांच्या वर पुरुषांचंच असेल, तर खूण चुकली असं धरायचं. या चाळणीतून आकडा खाली आला तो ६,४६,४६४ वर, आणि 'विवाहित' जोडपी उरली १,३१,७२९. म्हणजे आधी विवाहित समलिंगी म्हणून मोजलेल्या दर पाच जोडप्यांपैकी तीन साधी स्त्री-पुरुष जोडपी होती. आपण काही दिवस भलत्याच यादीत होतो हे त्या बिचाऱ्यांना कधी कळलंही नसेल.

चाळणी हुशारीची आहे, पण मला ती पूर्ण सुखाची वाटत नाही. 'थॉमस' नावाची पारलिंगी स्त्री असूच शकत नाही का? कोष्टक म्हणतं, इतकी क्वचित की सोडून द्या. एकूण आकड्यासाठी ते बरोबरच आहे. त्या एका घरासाठी नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका मोठ्या पाहणीची माहिती स्वच्छ करत होते. नियमांच्या जाडजूड वहीत एक नियम होता. नातं 'पती किंवा पत्नी' असेल आणि दोघांचं लिंग सारखं असेल, तर एकाचं लिंग बदला. पडद्यावर एक घर आलं. दोन माणसं, दोघांपुढे कोड २, म्हणजे स्त्री. नातं पत्नी. वयं ४१ आणि ३८. वहीत पुढे लिहिलं होतं, मोठ्या वयाच्या व्यक्तीला पुरुष करा. मी २ चा १ केला आणि पुढच्या घराकडे वळले. चार सेकंदही लागले नसतील. पुढे कळलं की अमेरिकेतही १९९० मध्ये 'नवरा-बायको' लिहिणाऱ्या समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत हेच झालं होतं, जोडप्यातल्या एकाचं लिंग बदललं जायचं. २००० मध्ये लिंग तसंच ठेवून नातं बदललं, नवऱ्याचा 'अविवाहित जोडीदार' केला. २०२० च्या फॉर्मवर शेवटी 'समलिंगी पती किंवा पत्नी' असा पर्यायच छापून आला, आणि कोणाला काही बदलायची गरज उरली नाही. तीस वर्षं लागली त्याला.

तेव्हा बाबांना सांग, कागदावर दोन सारख्या खुणा दिसतात. त्यातली कुठली हात घसरल्यामुळे झाली आणि कुठली कोणीतरी धीर करून केली, हे ठरवायचं काम असतं. एकेका कागदाकडे पाहून ते ठरत नाही, लाखांच्या गठ्ठ्यात ठरतं. म्हणून संख्याशास्त्र लागतं.

शिक्षणाचं म्हणशील तर सरळ रस्ता नाही. गेट्स यांनी आधी संगणकशास्त्र केलं, मग ख्रिस्ती धर्मशास्त्रातली मास्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी घेतली आणि त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सार्वजनिक धोरण या विषयात पीएच.डी. केली. पुढे वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूटमध्ये आणि नंतर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम्स इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. ती संस्था विधी महाविद्यालयात आहे, संख्याशास्त्र विभागात नाही, हे लक्षात घे. तू नमुना पाहणीचा पेपर मन लावून कर, 'आर' किंवा 'स्टाटा' या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक हाताखालून जाऊ दे, आणि थोडं स्वच्छ गद्य लिहायला शीक. शेवटचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

पत्र दुसरं : मी निवृत्त शिक्षिका. २०११ च्या जनगणनेत प्रगणक होते. लिंगाच्या रकान्यात 'इतर'साठी ३ हा कोड होता. मनातलं सांगते, मी एकाही घरात तो प्रश्न विचारला नाही. समोर बघून १ किंवा २ लिहिलं. माझ्यासारख्यांमुळे किती नुकसान झालं असेल?

बाई, तुम्ही एकट्या नाही. साडी नेसलेल्या गृहिणीला "तुम्ही स्त्री, पुरुष की इतर?" असं विचारायला कोणाची जीभ रेटते? मी प्रगणकांच्या कितीतरी प्रशिक्षणांना बसले आहे. त्या प्रश्नाशी वर्गात हशा पिकतो आणि दारात गेल्यावर प्रश्न गळतो.

त्या जनगणनेत 'इतर' म्हणून देशभरात ४,८७,८०३ माणसं मोजली गेली. हा आकडा सगळीकडे 'भारतातले तृतीयपंथी' म्हणून छापला जातो. पण त्याच कोष्टकात एक ओळ आहे, ती मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहायची. या ४,८७,८०३ पैकी ५४,८५४ मुलं शून्य ते सहा या वयोगटातली होती. नऊ माणसांमागे एक. तीन वर्षांच्या मुलाने तर 'मी इतर' असं सांगितलं नसणार. मग लिहिलं कोणी? काही घरांत जन्मतःच लिंगाबद्दल शंका असलेलं मूल असेल आणि आईवडिलांनी ते सांगितलं असेल. पण इतक्या घरांत? माझा संशय पुन्हा पेनाच्या घसरण्यावर जातो. दिवसाला शंभर नोंदी करणाऱ्या हाताचा २ चा ३ व्हायला किती वेळ लागतो!

म्हणजे तुमच्यासारख्यांनी न विचारल्यामुळे जी माणसं गळली ती एका बाजूला, आणि घसरलेल्या पेनामुळे जी आत आली ती दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा हिशेब एकमेकांत जिरून जातो आणि वर छान सहा आकडी संख्या दिसते. मी तिला कमी म्हणणार नाही की जास्तही म्हणणार नाही. ती वेगळ्याच कशाची तरी मोजणी आहे, एवढं म्हणेन.

फार वाईट वाटून घेऊ नका. जिथे प्रश्न छापून, माणसाच्या हातात कागद किंवा मोबाइल देऊन विचारला, तिथेही गोंधळ झाला. इंग्लंड आणि वेल्सने २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदा लिंगओळख विचारली. प्रश्नाचा आशय असा होता, की तुम्ही स्वतःला ज्या लिंगाचे मानता ते जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळतं का? 'नाही' म्हणणारे २,६२,००० निघाले, म्हणजे अर्धा टक्का. पण नकाशा काढला तर सर्वात वरच्या नंबरांवर न्यूहॅम आणि ब्रेंट हे लंडनचे भाग आले. तिथे इंग्रजी मातृभाषा नसलेले खूप लोक राहतात. अभ्यासकांनी बोट ठेवलं, की हे लोक पारलिंगी नसतील, त्यांना वाक्यच कळलं नसेल. मला ते लगेच पटलं. ते वाक्य इंग्रजीत मी तीनदा वाचलं तेव्हा मला समजलं. पुढे २०२४ मध्ये या आकड्यांचा 'मान्यताप्राप्त' दर्जा काढून त्यांना 'विकसनशील अधिकृत आकडेवारी' म्हणायची वेळ आली. त्याच फॉर्मवर लैंगिक कलाचा साधा, पर्याय देऊन विचारलेला प्रश्नही होता, आणि तिथे समलिंगी समाजासाठी प्रसिद्ध असलेलं ब्रायटन हे शहर पहिलं आलं. ज्याने ब्रायटनबद्दल काही ऐकलं आहे, त्याला नवल वाटलं नाही.

कॅनडाने २०२१ च्याच जनगणनेत दोन पायऱ्यांनी विचारलं. आधी जन्माच्या वेळचं लिंग, मग आजची ओळख. १५ वर्षांवरच्या सुमारे ३ कोटी लोकांत १,००,८१५ जण पारलिंगी किंवा 'ना स्त्री ना पुरुष' निघाले. दोन साधे प्रश्न एका अवघड प्रश्नापेक्षा बरे, हे शिक्षकाला मी काय सांगायचं!

पत्र तिसरं : समलिंगी माणसं किती, तर लहानपणापासून 'दहा टक्के' हा आकडा ऐकतोय. परवा वाचलं, अमेरिकेत ९.३ टक्के. तुमचे गेट्स म्हणे ३.५ टक्के म्हणाले होते. शिवाय ते स्वतः समलिंगी आहेत असंही समजलं. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

आधी शेवटचं. हो, ते उघडपणे समलिंगी आहेत. आणि त्यांनी दिलेला आकडा त्यांच्याच लोकांना सर्वात जास्त झोंबला.

दहा टक्क्यांचा उगम आल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ च्या अभ्यासात आहे. त्यांनी म्हटलं होतं ते असं, की १६ ते ५५ या वयात किमान तीन वर्षं साधारणपणे समलिंगीच राहिलेले पुरुष दहा टक्के. त्यातला 'किमान तीन वर्षं' हा भाग पुढे गळून गेला, 'पुरुष' हा शब्दही गळला, उरले नुसते दहा टक्के. शिवाय किन्सींनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. आपणहून आलेली होती, त्यात तुरुंगातले कैदीही होते. पण घोषणेला आकडा उत्तम. 'दहातला एक' हे मोर्च्यात ओरडता येतं. 'साडेतीन टक्के' ओरडून बघा.

गेट्स यांनी एप्रिल २०११ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून अंदाज मांडला. प्रौढांपैकी ३.५ टक्के स्वतःला समलिंगी किंवा उभयलैंगिक म्हणवतात, आणि ०.३ टक्के पारलिंगी. मिळून सुमारे ९० लाख माणसं. त्याच अहवालात त्यांनी आणखी दोन आकडे दिले होते. समलिंगी संबंध आयुष्यात कधीतरी आलेले ८.२ टक्के, म्हणजे १ कोटी ९० लाख. आणि थोडंफार तरी समलिंगी आकर्षण वाटतं असं सांगणारे ११ टक्के. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा उचलला आणि काहूर माजलं. चळवळीतल्या माणसांना वाटलं, आपल्यातल्याच माणसाने आपल्याला निम्म्याहून खाली आणलं. विरोधकांना वाटलं, बघा, आहेत तरी किती! दोन्हीकडच्या कोणालाही पुढची दोन वाक्यं वाचायची नव्हती. गेट्स यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून आपली बाजू मांडली, की मोजणी करायची तर नीट करा.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात अवघड दिवस तोच असावा. कोर्टात उलटतपासणी परवडते, घरच्यांचे रुसवे नाही.

आता ९.३. गॅलप या कंपनीने २०१२ मध्ये १,२१,२९० अमेरिकनांना फोनवर 'तुम्ही समलिंगी, उभयलैंगिक किंवा पारलिंगी आहात का, हो की नाही' असं विचारलं, तेव्हा ३.४ टक्के 'हो' म्हणाले. गेट्स यांच्या अंदाजाच्या अगदी शेजारी. २०२४ मध्ये तोच आकडा ९.३ झाला. बारा वर्षांत माणसं बदलली का? तरुण पिढीत स्वतःला तसं म्हणवणारे २३ टक्के आहेत आणि १९४६ च्या आधी जन्मलेल्यांत २ टक्केही नाहीत, म्हणजे सांगण्याची भीती पिढीगणिक उतरली हे उघड आहे. वाढलेल्यांत उभयलैंगिक म्हणवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, तेही लक्षात घ्या. आणि मधे प्रश्नही बदलला. 'हो की नाही'च्या जागी यादी आली आणि लागू असेल त्यावर बोट ठेवायचं. यादी वाचून दाखवली की माणूस जास्त बोलतो, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे.

तर सर, विश्वास आकड्यावर ठेवू नका. 'नक्की काय विचारलं होतं?' हे विचारा. ओळख विचारली, संबंध विचारले की आकर्षण विचारलं, यावर साडेतीनचे अकरा होतात, आणि तिन्ही खरे असतात.

पत्र चौथं : लोकांच्या खासगी आयुष्याच्या याद्या करायच्याच कशाला? माणूस आहे एवढं पुरेसं नाही का? मोजल्याने कोणाचं भलं झालं?

तुमचा राग मला कळतो, आणि त्याला इतिहास आहे. जर्मनीत पोलिसांकडे समलिंगी पुरुषांच्या 'गुलाबी याद्या' होत्या आणि नाझींना त्या आयत्या मिळाल्या. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदवहीत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला होता. ती नोंदवही तयार करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ज्यू कुठल्या घरात राहतात हे शोधायला ती फार उपयोगी पडली. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवं. म्हणून यादी आणि मोजणी यांत मी फरक करते. यादीत नाव असतं. मोजणीत नसावं, आणि रकान्यात तीन-चारच माणसं उरत असतील तर तो रकाना छापूही नये.

पण न मोजल्याने काय होतं तेही ऐका. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा दिलेल्या कारणांत एक असं होतं, की ही माणसं देशाच्या लोकसंख्येचा अगदी नगण्य अंश आहेत. नगण्य! कोणी गणलं होतं? त्याच प्रकरणात सरकारने २५ लाख हा आकडा दिला होता. तो एचआयव्हीच्या कामातून आलेला होता, त्यात फक्त पुरुष होते, आणि तेही आजाराच्या संदर्भात मोजलेले. स्त्रियांचा आकडा नव्हताच. २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की माणसं थोडी आहेत म्हणून हक्क नाकारता येत नाही. २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कलमाचा भाग गेला. आता तुम्ही म्हणाल, बघा, मोजणीची गरजच नव्हती, तत्त्वावरच निकाल लागला. बरोबर आहे. पण मधली पाच वर्षं 'नगण्य' हा शब्द कायद्याच्या पुस्तकात होता.

उलट उदाहरण अमेरिकेचं. जून २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाह देशभर मान्य केला. त्या निकालपत्रात वाक्य आहे, की लाखो मुलं आज अशा जोडप्यांच्या घरात वाढत आहेत. आधार म्हणून दिलंय गेट्स यांनी न्यायालयात सादर केलेलं निवेदन, पान चार. समलिंगी लग्नाचा आणि मुलांचा काय संबंध, हा विरोधकांचा एक मोठा मुद्दा होता. त्याला तत्त्वाच्या उत्तराबरोबर पान चारचंही उत्तर होतं. तिथवर पोचायला आधी कोणीतरी 'थॉमस'पुढची खूण तपासत बसावं लागतं.

एवढं सांगून तुमची भीती मी खोटी ठरवत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संकेतस्थळांवरून शाळकरी मुलांच्या पाहणीसकट कितीतरी माहिती एका रात्रीत काढली गेली, आणि त्यातली काही न्यायालयाच्या आदेशाने परत लावावी लागली. सरकार मोजू शकतं तसं पुसूही शकतं.

पत्र पाचवं : मी बावन्न वर्षांची आहे. मी आणि माझी मैत्रीण एकवीस वर्षं एका घरात राहतो. दारात कोणीही फॉर्म घेऊन आलं की ती माझी मावसबहीण असते. आमच्यासारख्यांमुळे तुमचे आकडे चुकत असतील तर माफ करा.

खणात ठेवलेलं पत्र ते हेच.

माफी कसली मागता? दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला, शेजारचं दार उघडं असताना, काय सांगायचं हे तुम्ही ठरवायचं. आमचं काम तुमच्या मावसबहिणीसकट हिशेब जुळवायचं आहे. इंग्लंड-वेल्सच्या त्या जनगणनेत लैंगिक कलाचा प्रश्न ऐच्छिक होता, तो ३६ लाख लोकांनी कोरा सोडला, म्हणजे साडेसात टक्के. आपल्याला समलिंगी, उभयलैंगिक किंवा तत्सम काही म्हणवणारे होते १५ लाख. कोरे त्यांच्या दुपटीहून जास्त. तो कोरा आकडाही कोष्टकात छापला आहे, स्वतंत्र ओळीत. तुम्हाला कधी असा फॉर्म आला आणि मावसबहीण लिहायचा कंटाळा आला, तर ती ओळ आहे.

तुमच्या पत्रामुळे मला ते ४१ आणि ३८ चं घर पुन्हा आठवलं. वर लिहिताना एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. आमच्याकडे माणसं वय गोळाबेरजेत सांगतात. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. कुठल्याही पाहणीचा वयाचा आलेख काढा, शून्यावर आणि पाचावर सुळके दिसतात, मधे खड्डे. ज्या घरात वयं गोळाबेरजेत येतात तिथे बाकीचे रकानेही ढिलाईने भरलेले असतात, हे मी पुढे हजारो घरांवर पडताळून पाहिलं. या घराने सांगितलं होतं ४१ आणि ३८. दोघींनी मोजून वय सांगितलं होतं. लिहिणाऱ्यानेही नीट ऐकून लिहिलं होतं. त्या घरात लिंगाच्या रकान्यात पेन घसरलं असेल?

हे मला तेव्हा सुचलं नाही. निवृत्त झाल्यावर एका दुपारी सुचलं. जुन्या कार्यालयात फोन केला, मूळ कागद मिळतील का विचारलं. कागद केव्हाच रद्दीत गेले होते. फाइल आहे, म्हणाले, पण ती दुरुस्त केलेली. तिच्यात ४१ वर्षांचा एक पुरुष आहे आणि त्याची ३८ वर्षांची बायको.